सुईची जखम, मिटणाऱ्या पापण्या आणि बोट्युलिझम

सागरवेळ

मी दक्षिण कॅलिफोर्नियातील एका रुग्णालयात श्वसनोपचार विभागात काम करते. व्हेंटिलेटर लावणे, त्याच्यावर लक्ष ठेवणे आणि रुग्ण सावरू लागला की तो हळूहळू काढणे, हे माझे रोजचे काम आहे. हा धागा ज्या आजारावर काढला आहे तो दुर्मिळ आहे, परंतु जगात तो जिथे जिथे आढळतो त्यांत हा भाग वरच्या क्रमांकावर आहे. अमेरिकेत जखमेच्या बोट्युलिझमचे, म्हणजे जखमेत वाढणाऱ्या जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराचे, सर्वाधिक रुग्ण कॅलिफोर्नियात सापडतात आणि त्यांतील बहुतेक जण हेरॉइन टोचून घेणारे असतात.

एका रात्रीपासून सुरुवात करते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दोन वाजून गेले होते. तातडीच्या विभागातून बोलावणे आले, ते ‘अमली पदार्थाचा अंमल, श्वास उथळ’ एवढ्या नोंदीवर. पन्नाशीचा माणूस खाटेवर उशांना टेकवून बसवलेला होता आणि त्याच्या दोन्ही पापण्या अर्ध्याहून अधिक खाली आलेल्या होत्या. मी नाव विचारले तेव्हा त्याने डाव्या हाताच्या तर्जनीने आपली उजवी पापणी वर उचलून धरली, माझ्याकडे नीट पाहिले आणि मग उत्तर दिले. शब्द नाकातून येत होते आणि जीभ जड होती, पण उत्तर अचूक होते. कोणता वार, कोणते गाव, हे सगळे त्याला ठाऊक होते. अफूजन्य पदार्थांचा अंमल उतरवणारे नॅलॉक्सोन त्याला दोनदा देऊन झाले होते आणि काडीचाही फरक पडला नव्हता. आदल्या दिवशी ‘एकाचे दोन दिसतात’ म्हणून तो दुसऱ्या एका दवाखान्यात गेला होता. तिथे त्याच्या दंडांवरचे सुयांचे वण पाहून ‘नशा उतरली की बरे वाटेल’ असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले होते.

मी त्याला एका दमात वीसपर्यंत मोजायला सांगितले. पहिल्या वेळी तो चौदावर थांबला, पाऊण तासाने नऊवर. बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायू मात्र ९७ टक्के दिसत होता, आणि या आजारात फसगत होते ती इथेच, कारण छातीचे स्नायू थकत चालले तरी तो आकडा अगदी शेवटपर्यंत चांगला राहू शकतो. त्याचा सदरा काढला तेव्हा डाव्या दंडावर वाटाण्याएवढी गाठ आणि तिच्यावर कोरडी खपली दिसली. ताप नव्हता, पू वाहत नव्हता. एरवी त्या गाठीकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलेही नसते.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा मातीत राहणारा जिवाणू आहे. हवेतला प्राणवायू त्याला सोसत नाही, म्हणून प्रतिकूल परिस्थितीत तो बीजाणूच्या रूपात, जणू कवच पांघरून, वर्षानुवर्षे पडून राहतो. हेरॉइनच्या भेसळीतून, साठवणुकीतून किंवा वाहतुकीतून हे बीजाणू त्यात मिसळतात. शिरेत टोचलेला पदार्थ रक्ताबरोबर पुढे निघून जातो. तोच त्वचेखाली किंवा स्नायूत टोचला तर एका जागी साचून राहतो, भोवतालची पेशीजालिका मरते, तिथे प्राणवायू पोहोचेनासा होतो आणि बीजाणूला हवी तशी बंदिस्त जागा मिळते. तो रुजतो, वाढतो आणि विष तयार करू लागतो. साधारण ४ ते १४ दिवसांनी पहिली लक्षणे दिसतात. तोवर सुई कधी आणि कुठे टोचली होती हे रुग्णालाही आठवत नाही.

इकडे पश्चिम किनाऱ्यावर मेक्सिकोतून येणारे ‘ब्लॅक टार’ हेरॉइन चालते. डांबरासारखे काळे, चिकट, अशुद्ध असे हे द्रव्य शिरांची फार लवकर वाट लावते. काही वर्षांनी हातापायांत एकही शीर सापडेनाशी झाली की माणूस नाइलाजाने कातडीखाली टोचू लागतो. त्याला इथे ‘स्किन पॉपिंग’ म्हणतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात २६ रुग्णांची तुलना १०० हून अधिक अशा लोकांशी केली होती, जे हेरॉइन टोचून घेत होते पण ज्यांना हा आजार झाला नव्हता. त्यात धोका वाढवणाऱ्या दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या, त्वचेखाली वा स्नायूत टोचणे आणि महिन्याकाठी वापरल्या जाणाऱ्या हेरॉइनचे प्रमाण. त्वचा पुसून घेतल्याने किंवा साहित्य स्वच्छ केल्याने या विशिष्ट आजाराचा धोका घटलेला दिसला नाही.

हा धागा काढण्याचे कारण सरळ आहे. या आजारावर औषध आहे, पण ते वेळेत मिळाले तरच उपयोगी पडते, आणि वेळ जातो तो बहुतेकदा समोरच्या माणसाचे म्हणणे कुणी ऐकून न घेतल्यामुळे. आपले अनेक वाचक डॉक्टर, परिचारिका किंवा औषध विक्रेते म्हणून जगभर काम करतात. सुई टोचून घेणारा माणूस ‘दोन दोन दिसते, गिळता येत नाही, तोंडाला कोरड पडते’ असे म्हणाला, तर ते वाक्य त्याच्या नशेच्या खाती घालू नये, एवढे मला सांगायचे आहे.

घाटमाथा

सागरवेळताई, मी रायगड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेली अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो. आपण वर्णन केलेला रुग्ण मी पाहिलेला नाही, परंतु बोटाने पापणी उचलून धरणारा माणूस मी पावसाळ्यात बऱ्याचदा पाहिला आहे. आमच्याकडे त्याचे कारण मण्यार असते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दंशाची खूण शोधूनही सापडत नाही, सूज नसते, दुखत नाही. पहाटे पोटात कळा येतात आणि सकाळी घरचे लोक सांगतात, ‘डॉक्टर, याचे डोळे उघडत नाहीत, दारू तर हा पीत नाही.’ पीत असता तर पंचाईत झाली असती, असे मला नेहमी वाटते, कारण दारू पिणाऱ्या माणसाच्या मिटलेल्या पापण्यांवर घरच्यांचाही विश्वास बसत नाही.

या दोन आजारांत नुसते वरवरचे साम्य नाही. मण्यारीच्या विषातील प्रमुख घटक आणि बोट्युलिनम विष हे दोन्ही चेतातंतूच्या टोकावर, म्हणजे स्नायूला निरोप सोडला जातो त्या जागी, घाला घालतात. निरोप नेणारे रसायन ॲसिटिलकोलिन. बोट्युलिनम विष चेतातंतूच्या टोकात शिरून ज्या प्रथिनांच्या साहाय्याने हे रसायन बाहेर पडते ती प्रथिनेच कापून टाकते. रसायन आत तयार असते, पण त्याला बाहेर पडण्याची वाट उरत नाही.

याच्या अगदी उलट चित्र आम्ही कीटकनाशकाच्या विषबाधेत पाहतो. तिथे ॲसिटिलकोलिन साचून राहते, म्हणून बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, घाम फुटतो, फुप्फुसे पाण्याने भरतात. बोट्युलिझममध्ये तोंड कोरडे ठणठणीत, बाहुल्या बहुधा मोठ्या किंवा प्रकाशाला नीट प्रतिसाद न देणाऱ्या, आतडी मंद आणि लघवी अडलेली. हेरॉइनच्या अंमलातही बाहुल्या बारीक होतात. त्यामुळे हातात टॉर्च असेल तर पहिल्या मिनिटातच शंका यायला हवी. ‘अंमल’ म्हणून आणलेल्या माणसाच्या बाहुल्या मोठ्या आहेत, तो शुद्धीवर आहे आणि तरी पापण्या मिटत आहेत, या तीन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

विद्यार्थी वाचकांसाठी आणखी एक. पायांपासून वर चढत जाणारा लुळेपणा असेल तर आपण गुइलां-बारे या आजाराचा विचार करतो. बोट्युलिझम वरून खाली उतरतो, आधी डोळे, मग जीभ आणि घसा, मान, खांदे, छाती, शेवटी पाय. दोन्ही बाजू सारख्याच धरल्या जातात आणि स्पर्शाची जाणीव शाबूत राहते. एका बाजूचा लकवा असेल तर तो हा आजार नव्हे.

निंबोणी

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही, तरी दोन शंका विचारते. पहिली अशी की हेरॉइन टोचण्यापूर्वी ते चमच्यात तापवतात असे वाचले आहे, मग त्या उष्णतेने हे जंतू मरत कसे नाहीत? दुसरी शंका अशी की सौंदर्योपचारात सुरकुत्या घालवण्यासाठी जे बोटॉक्स देतात, त्याच्याशी याचा काही संबंध आहे का?

सागरवेळ

निंबोणी, दोन्ही शंका रास्त आहेत.

आपल्या मनात ‘उकळले की निर्जंतुक झाले’ हे पक्के बसलेले असते, आणि बहुतेक जंतूंच्या बाबतीत ते खरेही आहे. या जिवाणूचे बीजाणू मात्र उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. त्यांना मारायचे तर दाबाखालची वाफ, म्हणजे १२१ अंश सेल्सियसच्या आसपासचे तापमान, काही काळ टिकवावे लागते. शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र आणि डबाबंद अन्नाचे कारखाने हेच करतात. चमच्याखाली धरलेल्या काडीने यातले काही साधत नाही. गंमत अशी की विष मात्र उष्णतेपुढे दुबळे आहे, ते ८५ अंशांना पाच-दहा मिनिटांत नष्ट होते. म्हणून अन्नातून होणाऱ्या बोट्युलिझमपासून नीट उकळलेला पदार्थ आपल्याला वाचवू शकतो. जखमेच्या प्रकारात हा बचाव मिळत नाही, कारण इथे विष शरीरात शिरत नाही, ते शरीरातच तयार होते.

बोटॉक्सविषयी म्हणाल तर होय, विष तेच, ‘अ’ प्रकारचे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर त्याचा उपयोग करून दाखवला आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. अतिसूक्ष्म, मोजलेली मात्रा एकाच स्नायूत दिली तर तो स्नायू काही महिने सैल पडतो. आमच्या रुग्णाच्या दंडातल्या वाटाण्याएवढ्या गाठीत तेच विष दिवसरात्र, न मोजता तयार होत होते आणि रक्तातून सर्वत्र पसरत होते.

क्लाइडकाठ

मी ग्लासगोमध्ये औषधनिर्माता आहे. इथल्या औषधाच्या दुकानांत रोज मेथाडोन, म्हणजे हेरॉइनऐवजी दिले जाणारे औषध, घ्यायला माणसे येतात आणि काही दुकानांतून स्वच्छ सुयाही विनामूल्य दिल्या जातात. त्यामुळे हा विषय आमच्याकडे दूरचा नाही.

या शहराच्या वाट्याला बीजाणूंचे तीन वेगवेगळे फटके आले. २००० साली क्लॉस्ट्रिडियम नोव्हाय या भाऊबंद जिवाणूने इथे आणि आयर्लंडमध्ये हेरॉइन टोचून घेणाऱ्यांचे बरेच बळी घेतले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सुई टोचून घेणाऱ्यांतील जखमेच्या बोट्युलिझमचे पहिले रुग्ण नोंदले गेले. २००९ सालच्या डिसेंबरात अँथ्रॅक्स सुरू झाला, आणि तो आटोपेपर्यंत एकट्या स्कॉटलंडमध्ये ११९ रुग्णांची नोंद झाली. पुढे २०१४ च्या अखेरीपासून २०१५ च्या मध्यापर्यंत बोट्युलिझमची साथ आली, जिचे रुग्ण मुख्यतः ग्लासगो आणि भोवतालच्या भागातील होते. युरोपने तोवर पाहिलेल्या अशा साथींत ती फार मोठी होती, निश्चित आणि संभाव्य मिळून चाळीसच्या घरात.

आमच्याकडचे हेरॉइन काळे नाही, तपकिरी असते आणि अफगाणिस्तानाच्या अफूपासून आलेले असते. ते पाण्यात सहजी विरघळत नाही, म्हणून लोक त्यात आम्ल घालतात, आणि ते जास्त पडले तर टोचलेल्या जागेचे मांस जळते. सागरवेळ यांनी सांगितलेली ‘बंदिस्त जागा’ अशी तयार होते. इथेही बळी पडले ते प्रामुख्याने वीस-वीस वर्षे टोचून घेतलेले, शिरा संपलेले, चाळिशी ओलांडलेले लोक.

दुकानातला माझा अनुभव सांगतो. साथीच्या दिवसांत आम्हाला एक गोष्ट समजावून सांगणे फार अवघड गेले. वर्षानुवर्षे आम्हीच या लोकांना सांगत आलो होतो, ‘सुई नवी घ्या, दुसऱ्याची वापरू नका, म्हणजे तुम्ही सुरक्षित आहात.’ एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी यांच्या बाबतीत ते बहुतांशी खरे आहे आणि त्या सल्ल्याने असंख्य जीव वाचले आहेत. पण बीजाणू सुईत नसतात, पुडीत असतात. आमचे ऐकून काटेकोर वागणारा एक जण मला म्हणाला, ‘मी तर सगळे नियम पाळले.’ त्याचा आवाज तेव्हाच नाकातून येत होता. मी त्याला गल्ल्यावर पाणी प्यायला दिले. पहिला घोट नाकावाटे परत आला. रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्याला काउंटरच्या आत खुर्चीवर बसवून ठेवले आणि फोनवर ‘बोट्युलिझम असू शकतो’ हे शब्द तीनदा उच्चारले, कारण आत पोहोचल्यावर ते कुणीतरी पुढे सांगायला हवे होते. आता कळते की मी पाणी द्यायला नको होते. गिळता न येणाऱ्याला काहीही पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते.

सार्वजनिक आरोग्य खात्याने त्या काळात दिलेला सल्ला असा होता की शक्य असेल तर टोचणे थांबवावे, स्नायूत किंवा कातडीखाली मुळीच टोचू नये, मेथाडोनसारख्या पर्यायी उपचारावर यावे, आणि दिसण्यात, बोलण्यात किंवा गिळण्यात बदल जाणवला तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. ‘हेरॉइन वाईट असते’ हे सांगण्यात कुणी वेळ घालवला नाही. ते ऐकणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

करवंद

सर्वांचे लेखन माहितीपूर्ण आहे, याबद्दल वाद नाही. मात्र एक प्रश्न मनात येतो तो स्पष्टपणे मांडतो. हे गर्दुल्ले स्वतःहून हे ओढवून घेतात. अत्यंत महाग औषध, महिनोन्‌महिने आयसीयूची खाट, तज्ज्ञांचा वेळ, हे सगळे त्यांच्यावर खर्च होते आणि बरे झाल्यावर ते पुन्हा तिकडेच वळतात. त्याच पैशात इतर किती रुग्ण बरे झाले असते, याचा विचार व्हायला नको का?

उंबरठा

करवंद, मी पुण्यात व्यसनमुक्तीच्या कामात स्वयंसेवक म्हणून जातो. खर्चाविषयी रुग्णालयातील मंडळी उत्तर देतील. मी आपल्या एका शब्दाविषयी बोलतो.

‘गर्दुल्ला’ हा शब्द मुंबईने १९८० च्या दशकात घडवला. ब्राऊन शुगरला रस्त्यावर ‘गर्द’ म्हणत, आणि ती ओढणारा तो गर्दुल्ला. त्या काळी घराघरांत मुले अशी हातची जात होती आणि आईवडिलांना नेमके काय झाले आहे हेही कळत नव्हते. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले ते याच पार्श्वभूमीवर. शब्द मात्र उरला, आणि तो उच्चारला की समोरच्याचे नाव, वय, धंदा, दुखणे सगळे पुसले जाते. या धाग्यातल्या दोन्ही प्रसंगांत नेमके तेच झाले असते किंवा झाले आहे. ‘दोन दिसतात’ ही तक्रार एखाद्या शिक्षकाने केली असती तर त्याचा डोक्याचा स्कॅन झाला असता. या माणसाला घरी पाठवले गेले.

आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे, हेही नोंदवतो. मुंबईत ब्राऊन शुगर प्रामुख्याने पन्नीवर ओढली जाते. टोचून घेणारेही आहेत, पण त्यांत दुकानातून मिळवलेल्या औषधी इंजेक्शनांचा वाटा मोठा असतो, जी कारखान्यात निर्जंतुक केलेली असतात. मणिपूर, नागालँड, मिझोराम या राज्यांत हेरॉइन टोचण्याचा प्रश्न चार दशकांपासून आहे आणि आता पंजाबातही तो गंभीर आहे. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक अमली पदार्थ टोचून घेतात. भारतात बोट्युलिझम म्हटले की अन्नाचीच उदाहरणे पुढे येतात. १९९६ साली गुजरातमधील एका निवासी शाळेत शेव खाऊन ३४ विद्यार्थी आजारी पडले आणि त्यांतील तिघे दगावले, ते प्रकरण अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. परंतु आमच्याकडे येणाऱ्या टोचून घेणाऱ्यांच्या हातापायांवर जी गळवे आणि जे व्रण असतात ते पाहिले, की हा धागा आपल्या डॉक्टरांनी वाचून ठेवावा असे मला मनापासून वाटते.

सागरवेळ

करवंद, आपण प्रश्न उघडपणे विचारलात हे बरे झाले, कारण हाच प्रश्न अनेकांच्या मनात असतो आणि तो न बोलता वागण्यात उतरतो.

खर्चाचेच गणित मांडू. अमेरिकेत २०१३ पासून विषाच्या सातही प्रकारांवर चालणारे एकच प्रतिविष उपलब्ध आहे. ते घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवतात. (आपल्या परळच्या हाफकिनमध्ये सर्पविषावरचे प्रतिविषही घोड्यांपासूनच बनत आले आहे, त्यामुळे ही कल्पना मराठी वाचकाला नवी नाही.) ते औषधाच्या दुकानात मिळत नाही. डॉक्टरने आरोग्य खात्याला फोन करायचा, खात्याचे तज्ज्ञ दिवसाच्या कोणत्याही वेळी लक्षणे विचारून घेतात आणि मग राष्ट्रीय साठ्यातून ते विमानाने पाठवले जाते. हे प्रतिविष फक्त रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते. चेतातंतूत एकदा शिरलेल्या विषापर्यंत ते पोहोचू शकत नाही. म्हणजे ते दिल्याच्या क्षणी रुग्ण जिथे आहे तिथून त्याची घसरण थांबते, पण झालेले नुकसान भरून येत नाही.

आता यावरून खर्चाचे पाहा. कॅलिफोर्नियातील अशा २० रुग्णांच्या एका पाहणीत, दाखल झाल्यापासून १२ तासांच्या आत प्रतिविष मिळालेल्यांना व्हेंटिलेटरची गरज तुलनेने कमी वेळा पडली. पापण्या मिटत असताना ओळखलेला रुग्ण दोन आठवड्यांत घरी जाऊ शकतो. तोच रुग्ण परत पाठवून दुसऱ्या दिवशी आला तर व्हेंटिलेटरवर दोन-तीन महिने राहू शकतो. म्हणजे ज्या आयसीयूच्या खाटेची काळजी आपण करता, ती अडते ती बहुधा कुणीतरी त्याला ‘नशेत आहे’ म्हटल्यामुळे.

म्हणूनच प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहायची नसते. रक्तातील विष दाखवणारी पारंपरिक चाचणी उंदरांवर करतात आणि तिला काही दिवस लागतात. रक्ताचा नमुना प्रतिविषाच्या आधी काढून ठेवायचा आणि औषध मात्र शंकेवरच सुरू करायचे. जखम लहान दिसली तरी शल्यविशारदाने ती उघडून साफ करायची, कारण विषाचा झरा तिथे आहे. नंतर प्रतिजैविके. त्यांत जेंटामायसिनच्या गटातील औषधे टाळायची, कारण ती चेता आणि स्नायू यांमधला निरोप आणखी मंदावतात. आमच्या रुग्णाच्या गाठीतून जेमतेम चमचाभर करडा द्रव निघाला.

घाटमाथा

वरील प्रतिसादाला एक जोड. मण्यारीच्या दंशातही प्रतिविष उशिरा दिले तर पापण्या लगेच उघडत नाहीत आणि नातेवाईक ‘औषध लागू पडले नाही’ म्हणून रुग्णाला हलवायची घाई करतात. मी त्यांना सांगतो, औषधाने पुढचे थांबले आहे, मागचे शरीर दुरुस्त करील, तोवर श्वास आपण द्यायचा. बोट्युलिझमच्या नातेवाइकांनाही हेच सांगावे लागत असणार, फक्त आमच्याकडचे दिवस तिथे आठवडे होतात.

करवंद

खर्चाच्या मुद्द्याचे उत्तर मिळाले आणि ते मला पटले. ओळखायला उशीर झाल्यानेच खर्च वाढतो, हे मी विचारात घेतले नव्हते. पुन्हा व्यसनाकडे वळण्याविषयीचे माझे मत अजून बदललेले नाही, पण तो या धाग्याचा विषय नाही, हेही मान्य करतो. शब्दाबद्दल उंबरठा यांचे म्हणणे लक्षात ठेवीन.

निंबोणी

सागरवेळ, त्या माणसाचे पुढे काय झाले, हे सांगता येण्यासारखे असेल तर कृपया लिहावे.

सागरवेळ

सांगते. प्रतिविष सकाळी साडेआठला पोहोचले. तोपर्यंत तो एका दमात चारपर्यंतच मोजू शकत होता, म्हणून पहाटे पाच वाजता आम्ही त्याच्या घशात नळी घालून व्हेंटिलेटर सुरू केला होता. आदल्या दिवशी जे तास गेले ते परत आणता आले नाहीत. पुढे गळ्याला छिद्र करून नळी तिथून घालावी लागली.

या आजाराचे जे अंग आयसीयूत काम करणाऱ्यांनीही विसरू नये असे मला वाटते, ते म्हणजे रुग्ण पूर्ण जागा असतो. मेंदूला काहीही झालेले नसते. पापणी हलत नाही, बोट हलत नाही, चेहऱ्यावर काही उमटत नाही, आणि आत माणूस सगळे ऐकत असतो. आमच्या एका परिचारिकेने दुसऱ्याच दिवशी एक पद्धत सुरू केली. ती दर पाळीच्या सुरुवातीला त्याच्या पापण्या बोटांनी हलकेच उचलायची, समोर स्वतःचा चेहरा आणायची, वार, तारीख आणि वेळ सांगायची आणि मग डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालून त्या मिटवायची. पाचव्या आठवड्यात त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. त्यानंतर आम्ही अक्षरांचा तक्ता आणला. मी एकेका अक्षरावर बोट ठेवायची आणि हवे ते अक्षर आले की तो अंगठा हलवायचा. पहिले वाक्य पुरे व्हायला वीस मिनिटे लागली. पहिल्या रात्री त्याच्या खाटेपाशी कुणीतरी ‘याने स्वतःच ओढवून घेतले’ असे म्हणाले होते. ते त्याने ऐकले होते आणि कोण बोलले हे त्याला विचारायचे होते. मला ठाऊक होते, आणि मी सांगितले नाही. मी त्याची माफी मागितली.

कापली गेलेली यंत्रणा सावरण्यासाठी चेतातंतूच्या टोकांना नवे फुटवे यावे लागतात, आणि त्याला वेळ लागतोच. अकराव्या आठवड्यात व्हेंटिलेटर सुटला. त्याच सुमारास व्यसनोपचाराच्या डॉक्टरांनी त्याला हेरॉइनची ओढ आवरणारे ब्युप्रेनॉर्फिन सुरू केले. रुग्णालयातून निघताना तो वॉकर धरून चालत होता आणि पापण्या संध्याकाळी थोड्या जड व्हायच्या, एवढेच उरले होते.

हा आजार एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असे नसते. जीवघेणी ठरणारी मात्राही इतकी कमी असते की शरीर तिच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती घडवू शकत नाही, त्यामुळे टोचणे पुन्हा सुरू झाले तर तो दुसऱ्यांदा होतो, आणि असे रुग्ण नोंदले गेले आहेत. घोड्याच्या रक्तद्रवाची दुसरी मात्रा द्यायची वेळ आली तर तीव्र ॲलर्जीची शक्यता लक्षात ठेवावी लागते. म्हणून त्याच्या नोंदीत सर्वांत वर, ॲलर्जीच्या रकान्याशेजारी, प्रतिविषाचे नाव आणि तारीख लिहिली आहे, आणि तसाच एक कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्याच्याकडे दिला आहे. ‘डोळ्यांपुढे दोन दिसू लागले तर हा कागद दाखवा’ असे त्यावर मोठ्या अक्षरांत आहे. कागद वाचून दाखवल्यावर त्याने तो माझ्या हातातून घेतला, एका डोळ्यासमोर धरून पाहिला, मग दुसऱ्या, आणि खिशात ठेवला.